पालकाचा रस, मूतखडा आणि बुधवारी सडणारी जुडी

थंडी पडली की नाशिकच्या बाजार समितीत पालकाचा भाव शेकड्यावर बोलला जातो, म्हणजे शंभर जुड्यांचा एक भाव. कधीकधी तो इतका कोसळतो की शेतकऱ्याची काढणीची मजुरीसुद्धा सुटत नाही. अशा दिवसांत घरोघरी एका जुडीच्या जागी तीन जुड्या येतात आणि माझ्याकडे पालकाची पत्रं साचतात. या खेपेला ती सगळी एकदमच उरकायला घेतली आहेत. पत्रं मतितार्थ ठेवून छाटली आहेत, उत्तरं छाटलेली नाहीत. इतकी वर्षं गृहविज्ञान शिकवल्यावर थोडक्यात बोलायची सवय राहत नाही.

माझी मुलगी चौदा वर्षांची. हिमोग्लोबिन ९.२ आलं. सासूबाई रोज सकाळी अनशापोटी तिला वाटीभर पालकाचा कच्चा रस देतात. महिना झाला, पोरगी नाक दाबून पिते. फरक कधी दिसेल?
— एक आई, बीड

या रसाच्या जोरावर तो दिसायचा नाही, ताई. आधी तिला नाक सोडू द्या.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे नवे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत १०० ग्रॅम पालकात लोह आहे साधारण ३ मिलिग्रॅम. वाटीभर रसाला तुम्ही अर्धी जुडी घेत असाल, मुळं नि पिवळी पानं काढून ती भरते फार तर शंभर ग्रॅम. म्हणजे झाले तीनच मिलिग्रॅम, आणि चोथा गाळून टाकत असाल तर तेही पुरते नाहीत. या वयाच्या मुलीची रोजची गरज, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० सालच्या शिफारशीनुसार, ३० मिलिग्रॅम. बरं, पोटात गेलेलं सगळं लोह रक्तात उतरत नाही. वनस्पतींतल्या लोहापैकी थोडासाच हिस्सा आतडं शोषून घेतं, आणि पालकात त्या लोहाला अडवून धरणारे घटक त्याच्या सोबतच असतात. दुकानदाराने माल दाखवावा आणि गल्ल्याची किल्ली दुसऱ्याकडे असावी, तसा हा प्रकार आहे.

पालक म्हणजे लोह हे आपल्या डोक्यात कार्टूनमधल्या पोपायने भरवलं, असं सगळे म्हणतात. त्या बिचाऱ्याचा दोष नाही. १९३२ सालच्या एका चित्रपट्टीत तो पालक का खातो ते स्वतःच सांगतो, आणि कारण देतो 'अ' जीवनसत्त्वाचं. ते खरंही आहे. पालकातलं बीटा कॅरोटीन शरीरात जाऊन 'अ' जीवनसत्त्व होतं, फक्त त्याला सोबत थोडं तेल-तूप लागतं. आपली फोडणी ते काम करते, कच्चा रस करत नाही.

आता मुलीबद्दल. ९.२ हा मध्यम रक्तक्षय आहे, भाजीने भरून निघण्याच्या पलीकडचा. तिला डॉक्टरांकडे न्या. जंत आहेत का, पाळीत रक्त जास्त जातं का, हे ते बघतील आणि लोहाची गोळी किती, किती दिवस, ते सांगतील. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते ती रक्तक्षय होऊ नये म्हणून असते, झालेला बरा करायला ती एकटी पुरत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायला हरकत नाही. दुधाबरोबर किंवा चहाबरोबर नको. चहावरून आठवलं, जेवणावर लगेच कपभर चहा घ्यायची पद्धत तुमच्या घरी असेल तर मुलीपुरती तरी ती तासभर पुढे ढकला. चहातलं टॅनिन जेवणातलं लोह धरून ठेवतं.

जेवणात बाजरीची भाकरी, कुळथाचं पिठलं, मोड आलेल्या मटकीची उसळ वरून लिंबू पिळून, थंडीत हळिवाचे लाडू. बाजरीत वजनाला वजन पालकाच्या दुपटीने लोह आहे, कुळथात त्याहून जास्त. मोड काढल्याने लोह अडवणारं फायटेटही कमी होतं. आणि सासूबाईंचा मान राखायचा तर पालक डाळीत घाला, लिंबाची फोड ताटात ठेवा. पालकात फोलेट चांगलं असतं आणि रक्त तयार व्हायला तेही लागतं. तेवढं श्रेय पालकाला द्यायलाच हवं.

यजमानांना दोनदा मूतखडा झाला. तेव्हापासून पालक आणि टोमॅटो घरात बंद. हॉटेलात कुणी पालक पनीर मागवलं की मी यांच्यापुढची वाटी सरकवून घेते. बरोबर करते ना?
— गृहिणी, छत्रपती संभाजीनगर

वाटी सरकवण्याआधी एक विचारते. खडा कशाचा होता? पडलेला खडा तपासायला दिला असेल तर अहवालात लिहिलेलं असतं. बहुतेकांचा कॅल्शियम ऑक्झॅलेटचा निघतो (ऑक्झॅलेट म्हणजे काही पालेभाज्यांत असणारं, कॅल्शियमला धरून बसणारं द्रव्य) आणि पालकाचा संबंध त्याच्याशीच आहे. युरिक ॲसिडचा असेल तर पथ्य वेगळं.

ऑक्झॅलेटचा असेल तर तुमची काळजी रास्त आहे. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात ऑक्झॅलेट साडेसहाशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, काही ठिकाणच्या तपासण्यांत त्याहूनही जास्त निघालं आहे. खडा वारंवार होणाऱ्यांना दिवसाला शंभराच्या आत राहायला सांगतात. तेव्हा रोजचा पालक नाही, आणि कच्च्या पालकाचा रस किंवा हिरवी स्मूदी तर मुळीच नाही. माठ, चुका, अळू हेही त्याच पंगतीतले. मेथी, कोबी, फुलकोबी मोकळ्या मनाने करा. टोमॅटोला उगाच शिक्षा झाली आहे, त्यात ऑक्झॅलेट फार थोडं असतं.

पण गंमत पालक पनीरातच आहे. पनीरातलं कॅल्शियम पोटातच ऑक्झॅलेटला पकडतं आणि दोघं मिळून शौचावाटे निघून जातात, मूत्रपिंडापर्यंत पोचत नाहीत. म्हणून खडा झालेल्यांनी दूध-दही तोडणं हे उलटं पथ्य आहे. कधीमधी पालक खायचाच झाला तर भरपूर पाण्यात उकळायचा, ते पाणी फेकायचं (पाण्यात विरघळणारं ऑक्झॅलेट बरंचसं त्यात उतरतं), पिळून घ्यायचा आणि दह्याबरोबर किंवा पनीरबरोबर खायचा. नुसतं वाफवून हे काम होत नाही, पाणी लागतं. खड्याच्या पथ्यात पालकापेक्षा महत्त्वाचं आहे दिवसभर पाणी पिणं आणि मीठ कमी करणं, आणि त्याबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षर नाही!

हाच हिशेब उलट बाजूनेही लागू आहे. हाडांसाठी कॅल्शियम मिळेल म्हणून पालक खाणाऱ्यांना पालकातल्या कॅल्शियमपैकी जेमतेम पाच टक्के लागू पडतं. दुधातलं त्याच्या पाचपट.

दोघंही नोकरी करतो. रविवारच्या बाजारातून आठवड्याची भाजी आणतो. पालक धुऊन, पुसून, पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवते, तरी बुधवारपर्यंत चिकट होऊन वास मारतो.
— डोंबिवली

धुता, तिथेच घोटाळा आहे. पान कितीही पुसलं तरी देठांच्या बेचक्यांत पाणी राहतं, आणि सड तिथूनच सुरू होते.

बाजारातच सुरुवात करा. भाजीवाले जुड्यांवर सारखं पाणी मारत असतात. ओथंबलेली जुडी घेऊ नका, ढिगाच्या मागची कोरडी मागा. मग जुडी उलटी करून बांधलेल्या जागी नाक लावा. बाहेरून टवटवीत दिसणाऱ्या जुडीचा वास त्या दोरीपाशी आधी फिरतो. घरी आल्याआल्या पहिलं काम म्हणजे ती दोरी कापणं. घट्ट बांधलेल्या भागात पानं चेचलेली असतात, आतली दोन-चार काळपट पानं निघतीलच, ती काढली की बाकीची वाचतात. मुळं कापू नका, माती फक्त झटका. पानं मुळाशी जोडलेली राहिली की जास्त टिकतात.

मग सुती पंचा पसरायचा, पालक त्यावर मोकळा करून पंख्याखाली तासभर ठेवायचा. कोमेजू द्यायचा नाही, फक्त वरचा ओलावा उडाला पाहिजे. दुसऱ्या कोरड्या पंचात सैल गुंडाळून भोकं पाडलेल्या पिशवीत किंवा मोठ्या डब्यात, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. वर काही जड ठेवायचं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळायची आपली जुनी सवय सोडा. छपाईची शाई अन्नाला लागते म्हणून देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) २०१६ सालीच ते बंद करायला सांगितलं आहे. आणि त्याच कप्प्यात सफरचंद, पिकलेली केळी, टोमॅटो असतील तर ते बाहेर काढा. त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने पालक भराभर पिवळा पडतो.

एवढं केलंत तर पालक गुरुवार-शुक्रवारपर्यंत नीट राहील. पण दिसायला नीट आणि गुणाला नीट यांत फरक आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात २००४ साली मोजलं, तर ४ अंशांवर ठेवलेल्या पालकातलंसुद्धा जवळजवळ निम्मं फोलेट आठ दिवसांत गेलं होतं. २० अंशांवर तेवढंच नुकसान चार दिवसांत. म्हणून आठवड्याच्या भाज्यांत पालकाचा नंबर सोमवारी लावा. कोबी, गाजर, दुधी शुक्रवारपर्यंत थांबतात.

दोन जुड्या जास्तीच्या आल्या असतील तर रविवारी संध्याकाळीच गोठवून टाका. धुऊन, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग मुठीत घट्ट पिळून एका भाजीपुरते गोळे करायचे आणि पिशवीतली हवा दाबून काढून फ्रीझरमध्ये. न उकळता कच्चाच गोठवला तर रंग आणि चव हळूहळू उतरत जाते. कागदोपत्री हे गोळे उणे १८ अंशांवर आठ-दहा महिने टिकतात. आपल्याकडे वीज जाते, फ्रीझर दिवसातून दहादा उघडतो, तेव्हा दोन महिन्यांत संपवा.

धुण्याचं एक सांगते आणि पुढे जाते. मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, पानं बुडवून हलवा, आणि पानं वर उचलून काढा. पातेलं चाळणीत ओतलंत की खाली बसलेली माती पुन्हा पानांवर. पाणी तळाशी स्वच्छ दिसेपर्यंत हे करायचं. धुणं आधी, चिरणं नंतर, नाहीतर 'क' जीवनसत्त्व मोरीत.

पालक पनीर हॉटेलसारखं हिरवं होत नाही. शेवाळी होतं. कुणी खायचा सोडा घालायला सांगितलं.
— विद्यार्थी, पुणे

सोड्याने हिरवं होईल, खरं. पण पालक गिळगिळीत होतो आणि 'क' जीवनसत्त्व मरतं. नको.

पानातल्या हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियम असतं. पालक गरम आणि आंबट अशा दोन्ही गोष्टींत सापडला की ते मॅग्नेशियम सुटतं आणि रंग शेवाळी होतो. आम्ल तर पालकात स्वतःचंच असतं. म्हणून भरपूर उकळतं पाणी, झाकण उघडं (वाफेबरोबर थोडं आम्ल उडून जातं), दीड-दोन मिनिटं आणि लगेच थंड पाणी. कुकरमध्ये शिजवलेला पालक हिरवा राहणार नाही, कितीही युक्त्या करा. ग्रेव्हीत टोमॅटो घालत असाल तर तो आधी तेल सुटेपर्यंत परतून संपवा, पालकाची पेस्ट अगदी शेवटी, आणि त्यानंतर दोन उकळ्यांपेक्षा जास्त नाही. लिंबू ताटात.

लोखंडी कढई वापरत असाल तर काळा पडेल तो वेगळाच. अन्नात थोडं लोह त्या कढईतून उतरतं, ते चांगलंच. पण शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. होस्टेलच्या खोलीत लोखंडी कढई असेल असं वाटत नाही म्हणा.

शिळा पालक परत गरम केला की विष होतं, असं आमच्या आई म्हणतात. खरं का?
— सांगली

विष नाही, पण आई अगदीच चूक नाहीत. पालकात नायट्रेट बरंच असतं. शिजवलेली भाजी ओट्यावर तासन्‌तास राहिली की जंतू त्याचं नायट्राइट करतात. दोष गरम करण्याचा नाही, बाहेर ठेवण्याचा आहे. उरलेली भाजी निवली की लगेच फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी लागेल तेवढीच काढून एकदा कडकडीत गरम करायची, मोठ्यांना काही होत नाही. तान्ह्या बाळांचं मात्र वेगळं. सहा महिन्यांच्या आत वरचं काही द्यायचंच नसतं, आणि वरचं सुरू झाल्यावरही पालकाची पेज-पेस्ट ताजी करूनच भरवा, शिल्लक ठेवू नका.

हृदयाची झडप बदलल्यापासून बाबा रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात. पालेभाजी पूर्ण बंद करायची का?
— अकोला

गोळी वॉर्फरिन किंवा अ‍ॅसेनोकोमारॉल असेल तर पालकातल्या 'के' जीवनसत्त्वाचा तिच्याशी थेट झगडा आहे. तरी नियम बंद करण्याचा नाही, एकसारखं ठेवण्याचा आहे. महिनाभर पालक नाही आणि मग लग्नाच्या पंगतीत डाळभाजी तीनदा वाढून घेतली, असं झालं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा, हलतो. तुमच्या भागात लग्नात डाळभाजी चुकत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. आठवड्याला किती पालेभाजी खातात ते डॉक्टरांना सांगा, ते डोस त्यावर बसवतील. नव्या प्रकारच्या काही गोळ्यांना हा त्रास नसतो. चिठ्ठीवरचं नाव वाचून दाखवा आणि विचारा.

इथे पालकाची कोवळी पानं डब्यात मिळतात. आईच्या पद्धतीने ताकातली पातळ भाजी केली तर पानं नाहीशी होतात आणि नुसती कढी उरते. आईच्या भाजीला जो अंगरस होता तो येत नाही.
— न्यू जर्सी

तुमच्या हाताचा दोष नाही, पान वेगळं आहे. आपल्या मंडईत 'पालक' म्हणून जी जुडी मिळते, ती बऱ्याचदा बीटच्या कुळातली असते. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेचं 'ऑल ग्रीन' वाण घ्या, ते वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने बीटरूटचं सख्खं भावंड आहे. जाड पान, लांब रसाळ देठ. तुमच्या डब्यातला तो खरा विलायती पालक, आणि तोही कोवळा, देठ नसलेला. तो सॅलडला छान, उकळीत टिकत नाही.

तुमच्याकडे स्विस चार्ड मिळतं ना? तेही बीटच्याच जातीचं. हिरव्या-पांढऱ्या देठाचं घ्या, लाल देठाने भाजी गुलाबी होईल. निम्मं चार्ड, निम्मा पालक घेतलात तर आईच्या भाजीच्या जवळ जाल.

मूठभर चणाडाळ आणि मूठभर शेंगदाणे दोन-तीन तास भिजत घालून आधी शिजवून घ्या, डाळ बोटचेपी हवी, गळलेली नको. चार्डाचे देठ बारीक चिरून तेलावर परता, ते मऊ झाले की पानं घाला. पानं बसली की रवीने नव्हे, पळीच्या पाठीने घोटा. मिक्सर लावलात तर सूप होतं. दोन मोठे चमचे बेसन दोन वाट्या ताकात गुठळ्या मोडून कालवा आणि आच मंद करून ते ओता. बेसनामुळे ताक फाटत नाही, तरी पहिली उकळी येईपर्यंत ढवळत राहा. ताक फार आंबट असेल तर थोडं पाणी. डाळ-दाणे, मीठ, लिंबाएवढा गूळ. वरून फोडणी वेगळी करायची: तेल नीट तापलेलं, मोहरी, पाच-सहा मेथीदाणे लालसर होईपर्यंत, हिंग, हळद, ठेचलेला लसूण, दोन सुक्या मिरच्या. ही फोडणी वाढताना घाला, आधी घालून झाकून ठेवू नका. आणि हो, ताक पडलं की हिरवा रंग जाणारच. ही भाजी हिरवी नसतेच.

गॅलरीत दुपारपर्यंत ऊन येतं. कुंडीत पालक होईल का?
— ठाणे

होईल. ऑक्टोबर ते जानेवारीत लावा. वीतभर खोल कुंडी पुरते. बी रात्रभर भिजवा. देशी पालकाचं 'बी' म्हणजे खरं तर दोन-तीन बियांचा गुच्छ असतो, त्यामुळे एका ठिकाणी दोन-तीन रोपं उगवली तर चकित होऊ नका, एक ठेवून बाकीची उपटा आणि डाळीत टाका. महिन्याभरात पहिली कापणी. मधला कोंब सोडून बाहेरची पानं कात्रीने कापायची, दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येतात. युरियाची चिमूट टाकायचा मोह आवरा, नायट्रेट पानात साठतं. शेणखत बास. ऊन तापायला लागलं की मधून फुलाचा दांडा वर येतो आणि पान कडवट, चरबट होतं. तो दांडा खुडून काही उपयोग नाही. रोप उपटा आणि त्याच कुंडीत चवळी लावा.